कुत्रा बूड जमिनीवर घासत असेल तर
कुत्रा बूड जमिनीवर घासत पुढे सरकू लागला की जंत झाले असे गृहीत धरून अनेक जण परस्पर औषध देतात. परंतु त्यामागे पुष्कळदा गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातील ४ आणि ८ या आकड्यांच्या जागी असलेल्या गंधग्रंथी तुंबलेल्या असतात. घट्ट शौचाच्या दाबाने त्या एरवी आपोआप रिकाम्या होतात, म्हणून वारंवार पातळ शौच होणाऱ्या आणि स्थूल प्राण्यांमध्ये हा त्रास अधिक आढळतो. मांजर मात्र सहसा घासत नाही. ते शेपटीखालची जागा सतत चाटते, आणि तेथील केस विरळ झाल्यावरच बहुधा आपल्या लक्षात येते.

निरोगी प्राण्याच्या ग्रंथी सवयीने पिळू नयेत, कारण त्यामुळेच सूज येऊ शकते. शौच घट्ट राहावे म्हणून आहारात थोडा उकडलेला, बिनमिठाचा लाल भोपळा द्यावा आणि वजन आटोक्यात ठेवावे. त्रास वारंवार होत असल्यास त्वचेच्या ॲलर्जीचीही तपासणी करून घ्यावी. लालसर सूज, पू, रक्त किंवा शौचाच्या वेळी वेदना दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. गुदद्वाराजवळ घट्ट गाठ हाताला लागली आणि ती दुखत नसली, तरीही तपासणी लांबवू नये, कारण वयस्क कुत्र्यांमध्ये ती कर्करोगाचीही असू शकते.