अॅक्रिलिकच्या चित्रावरचा मळ काढताना

तेलरंगाच्या चित्रांवर हात बसलेला संवर्धक मळ दिसला की काडीला कापूस गुंडाळतो आणि लाळेने ओला करतो. हसू नका, आमच्या धंद्यात लाळ हे जुनं आणि कामाचं द्रावण आहे. पण चित्र अॅक्रिलिकचं असेल तर तो बोळा आधी खाली ठेवा.

पाण्याने पातळ होणारे हे रंग १९५०च्या दशकात बाजारात आले. सुकल्यावरही ते तेलरंगासारखे कडक होत नाहीत. मुंबईच्या मे महिन्यात तर इतके मऊ पडतात की धूळ नुसती बसत नाही, रुतते. त्यात रंगातला सर्फॅक्टंट, म्हणजे रंग पाण्यात मिसळून राहावा म्हणून घातलेला साबणासारखा घटक, हळूहळू पृष्ठभागावर येतो. पाणी लागलं की तो धुऊन जातो आणि खालचा थर फुगतो.

म्हणून सुरुवात कोरडीच. एसी लावून खोली वीस-बावीस अंशांवर आणा. फार गार नको, गारठ्यात हाच रंग ठिसूळ होतो. टॉर्च बाजूने आडवी धरली की मळ कुठे आहे ते दिसतं. मऊ ब्रशने धूळ व्हॅक्यूमच्या तोंडाकडे ढकला, नळी कॅनव्हासला लागू देऊ नका. मग मेकअपचा पॉलियुरेथेनचा स्पंज घ्या, त्रिकोणी तुकडा कापा आणि टोकाने नुसतं टिपा. टोक काळं झालं की कापून टाका. घासलंत तर जागा चकाकते. चित्रकार तैयब मेहतांच्या चित्रांसारखे मोठे सपाट रंग असले तर ती चकाकी लांबूनही डोळ्यात येते, आणि घालवता येत नाही.

तरी मळ उरला तरच ओलं काम. अगारोजच्या (समुद्री शेवाळातून काढलेल्या पदार्थाच्या) जेलची छोटी ओली चकती काही मिनिटं रंगावर ठेवून तिची विद्युतवाहकता आणि पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, मोजा. मळ पुसायच्या द्रावणाचा पीएच ५.५ ते ६ ठेवा, वाहकता रंगाच्या पृष्ठभागापेक्षा कमी नको. मी विआयनीकृत (क्षार काढलेल्या) पाण्यात पातळ अॅसिटिक आम्ल आणि अमोनिया घालून ते जुळवते. पीएच वाढला की रंग जास्त फुगतो, म्हणून साबण नको. अॅसिटोन, अल्कोहोल, थिनर तर टेबलावरही ठेवू नका. चाचणी फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या कडेवर, प्रत्येक रंगाची वेगळी. बोळ्यावर रंगाची छटा आली की तो रंग तिथेच सोडायचा.

शेवटी थोडी राखाडी झाक राहतेच. ती रंगात रुतलेली असते, ओढून काढायला गेलात तर रंगही येईल. मालकाला हे काम हाती घेतानाच सांगा, नंतर सांगितलं की बहाणा वाटतो.