‘हिअर’ की ‘हिअरिंग’? मी असं तपासलं

भाचीने ब्रिटनमधल्या विद्यापीठाला पाठवायची मेल वाचायला दिली. शेवटची ओळ होती, ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’. तिचीच शंका होती, ‘हिअर’ की ‘हिअरिंग’? “मामा, गुगलवर दोन्ही सापडतंय,” म्हणाली. सापडणारच. गुगलचे निकालांचे आकडे ढोबळ अंदाज असतात, त्यावरून निवाडा करू नये.

मग ‘टू’च्या पुढे ‘युवर रिप्लाय’ ठेवून पाहिलं. चपखल बसलं. म्हणजे हा ‘टू’ शब्दयोगी अव्ययासारखा, त्याच्यापुढे नाम किंवा ‘हिअरिंग’च येणार. ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीतही तसंच आहे.

तरी खात्रीसाठी गुगल बुक्सचा एनग्रॅम व्ह्यूअर उघडला. एखादा शब्दप्रयोग छापील पुस्तकांत कितपत येतो, ते तो आलेखात दाखवतो. तो एका वेळी पाचच शब्द घेतो, म्हणून ‘फॉरवर्ड’पासून पुढचा तुकडा, दोन्ही रूपांत, मध्ये स्वल्पविराम देऊन टाकला आणि ब्रिटिश इंग्रजी निवडलं. ‘हिअरिंग’ची रेघ कितीतरी वर.

त्याच मेलमध्ये ‘प्लीज डू द नीडफुल’ होतं. व्याकरणात खोट नाही, पण नैसर्गिक वाटण्याचा प्रश्न वेगळा. त्यासाठी मला ग्लोब (GloWbE) कॉर्पस, म्हणजे वेबवरच्या इंग्रजी मजकुराचा शोधता येणारा संग्रह, आवडतो. 20 देशांचं इंग्रजी तिथे शेजारी-शेजारी दिसतं. ‘डू द नीडफुल’ हा शब्दप्रयोग प्रामुख्याने भारतीय उपखंडातला. आपल्याकडच्या ऑफिसात बिनदिक्कत लिहावा, मला त्यात काहीही कमी वाटत नाही. पण ब्रिटनमधल्या वाचणाऱ्याला नेमकं काय करायचं ते कळायला हवं. भाचीने तिथे सरळ लिहिलं, ‘प्लीज कन्फर्म दॅट यू हॅव रिसीव्ड माय ट्रान्सक्रिप्ट’.