घरच्या वेधशाळेसाठी हलके सरकते छत

सरकत्या छताची वेधशाळा, म्हणजे जिचे सगळे छत रुळांवरून बाजूला सरकते अशी दुर्बिणीची खोली, बांधताना एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी: जे छत माणसाला सहज ढकलता येते, ते वाऱ्यालाही सहज उचलता येते. त्यामुळे वजन कमी करण्याचा आणि छत जखडून ठेवण्याचा विचार आराखड्यातच एकत्र व्हायला हवा. बहुतेक जण पहिल्यावर खूप मेहनत घेतात आणि दुसरे काम शेवटच्या दिवसासाठी ठेवतात.

आतून २.५ मीटर लांब-रुंद अशी खोली आणि चारही बाजूंनी १० सेंटीमीटर पुढे आलेले छत धरले, तर छताचे क्षेत्रफळ सुमारे ७.३ चौरस मीटर होते. ५० मिलिमीटर बाजूच्या आणि २ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी अॅल्युमिनियम नळीचे वजन मीटरला साधारण १ किलो असते. चौकट, वासे, आढे आणि तिरके आधार मिळून अशी सुमारे २६ मीटर नळी लागते. वर अर्धा मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पन्हळी पत्रा टाकला, तर चाके आणि नट-बोल्ट धरूनही सगळे छत ५० किलोच्या आसपास राहते. त्याच मापाची लोखंडी नळी आणि लोखंडी पत्रा वापरल्यास हेच वजन दुपटीहून जास्त होते. मात्र अॅल्युमिनियम आणि लोखंड जिथे एकमेकांना टेकतात, तिथे ओलाव्यामुळे अॅल्युमिनियम खाल्ले जाते; तेथे रबराची पट्टी किंवा नायलॉनचे वॉशर घालावेत.

आता वाऱ्याचा हिशेब पाहू. वाऱ्याच्या सेकंदाला मीटरमधील वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी १०८ किलोमीटरचे वादळ म्हणजे सेकंदाला ३० मीटर, आणि त्याचा दाब ५४० न्यूटन. वर खेचणारा जोर एवढाच धरला, तरी आपल्या छतावर तो सुमारे ४०० किलो वजनाइतका, म्हणजे छताच्या स्वतःच्या वजनाच्या आठपट होतो. म्हणून बंद छत चारही कोपऱ्यांत टर्नबकलने (फिरवून ताण वाढवता येणाऱ्या जोडणीने) भिंतीशी ताणून बांधावे, आणि ती भिंतही अँकर बोल्टने पायाशी जोडलेली असावी, नाही तर छतासोबत भिंतीची चौकटच उचलली जाईल. याशिवाय छताच्या दोन्ही बाजूंना रुळाखाली वळणारे आकडे बसवावेत. आकडा आणि रूळ यांत ५ मिलिमीटरची फट पुरते. छत अर्धे उघडे असताना अवचित सोसाट्याचा वारा आला, तर हे आकडेच ते धरून ठेवतात. रुळांच्या दोन्ही टोकांना भक्कम थांबे हवेतच.

रुळांच्या कामात घाई करू नये. उलटा ठेवलेला अँगल (काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी) आणि त्यावर धावणारी खाचेची चाके ही सरकत्या फाटकाची रीत इथेही उत्तम चालते, पण खाचेची चाके एकाच बाजूला लावावीत आणि दुसऱ्या बाजूला सपाट पट्टीवर सपाट चाके ठेवावीत. माझ्या पहिल्या छताला मी दोन्हीकडे खाचेची चाके लावली होती. पहाटे ते सहज सरके आणि भर दुपारी मध्येच अडकून बसे. अॅल्युमिनियम एका मीटरला एका अंशामागे ०.०२३ मिलिमीटर वाढते, त्यामुळे तापमान ३० अंशांनी वाढले की २.५ मीटरच्या चौकटीत पावणेदोन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि दोन्हीकडून खाचेत धरलेल्या चाकांना तो सामावून घेता येत नाही. एक बाजू मोकळी ठेवल्यावर हा त्रास संपला.

दोन्ही रूळ पारदर्शक नळीतल्या पाण्याने समपातळीत आणावेत. छताची चौकट काटकोनात आहे की नाही हे गुण्याने पाहण्यापेक्षा कर्ण मोजून पाहावे, बाहेरून २.५ मीटरच्या चौरसाचे दोन्ही कर्ण ३.५३६ मीटर भरले पाहिजेत. रुळाचा सांधा सरळ न कापता ४५ अंशांत कापावा, आणि वेल्डिंगचा उंचवटा कानशीने घासून बोटाला लागणार नाही इतका सपाट करावा. तो राहिला, तर प्रत्येक चाक तिथे टक्कन उडी मारते आणि काही महिन्यांत बेअरिंग खडखडू लागते.

आढे रुळांना समांतर ठेवावे आणि पागोळ्या रुळांच्या बाहेर पडतील एवढी पाखी पुढे काढावी. पत्रा बाहेरून पांढरा रंगवावा आणि आतून फोमचा पातळ थर चिकटवावा. थंड रात्री उघड्या पत्र्याच्या आतल्या अंगाला दव धरते आणि त्याचे थेंब थेट दुर्बिणीवर पडतात.

छत कोणत्या बाजूला सरकवायचे, हे आकाश पाहून ठरवावे. उत्तर गोलार्धात ते उत्तरेला न्यावे असा सल्ला सर्रास दिला जातो. पण ध्रुवताऱ्याची उंची साधारण आपल्या अक्षांशाइतकी असते. सरकलेल्या छताचे आढे दुर्बिणीपासून ३ मीटर दूर आणि तिच्या अक्षापेक्षा १ मीटर उंच असेल, तर त्या दिशेचे सुमारे १८ अंशांपर्यंतचे आकाश झाकले जाते. कमी अक्षांशाच्या ठिकाणी ध्रुवताराच त्याआड जातो आणि दुर्बिणीचा फिरण्याचा अक्ष ध्रुवाच्या दिशेशी जुळवणे अवघड होते. अशा ठिकाणी झाडे किंवा दिव्यांचा उजेड यांमुळे जी बाजू आधीच निकामी झाली असेल, तीच छताला द्यावी.

छत उघडताना त्याची मागची आडवी नळी दुर्बिणीच्या डोक्यावरून जाते. म्हणून भिंतीची उंची ठरवण्यापूर्वी दुर्बीण आडवी करून, कॅमेरा आणि दवरोधक नळकांडे लावून मोजावी, आणि त्यावर निदान एक वीत जागा सोडावी. मोटर बसवायची झाल्यास वर्षभर छत हाताने चालवल्यानंतरच बसवावी, आणि दुर्बीण आडवी असल्याची खूण देणाऱ्या स्विचमधून गेल्याशिवाय मोटरला वीज मिळणार नाही अशी जोडणी करावी.