१४ एप्रिलआधी ब्राँझचं स्मारकशिल्प कसं धुवावं

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान गेले. म्हणून हा दिवस अग्निशमन सेवा दिन. त्याआधी हुतात्मा जवानांची शिल्पं घासूनपुसून लख्ख करायची हौस येते, आणि तिथंच ब्राँझची वाट लागते. नाशिककरांना भांडी बाजाराची सवय. तांब्या-पितळेला हात लागला की चिंच नाहीतर पितांबरी आलीच. पण शिल्पावरचा तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. तो रसायन आणि आच देऊन मुद्दाम चढवलेला असतो. आंबटाने तो निघतो, खालचा धातू उघडा पडतो आणि पावसाळ्यात हिरवे ओघळ धरतो.

शिल्प ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी आधी घ्या. मग टिचकी मारा: खणखणीत वाजलं तर धातू, बद्द वाजलं तर रंगवलेलं फायबर. फायबरला नुसतं पाणी पुरे.

काम सकाळी सातला सुरू करा. तापलेल्या धातूवर साबण लगेच वाळून डाग पडतात. ५ लिटर पाण्यात चमचाभर सौम्य, रंग-वास नसलेला द्रव साबण घ्या. बोअरचं जड पाणी नको, पांढरे ठिपके राहतात. कबुतरांची विष्ठा खरवडू नका. ओलं फडकं वीस मिनिटं ठेवा, मग बांबूच्या कामटीने उचला. मऊ ब्रशने खालून वर धुवा, म्हणजे कोरड्या भागावर मळकट ओघळ उमटत नाहीत. शेवटी वरून भरपूर पाणी सोडा. हेल्मेटची कड, होजच्या वळ्या, बोटांच्या बेचक्या इथे साबण अडकतो. पायथ्याशी पाणी निघायची बारीक भोकं असतात, तीही कामटीने मोकळी करा.

धातूचा पाण्या-हवेपासून बचाव व्हावा म्हणून वरून मेण लावायचं, तेही दुसऱ्या दिवशी, धातू तापायच्या आत. सांध्यांत ओल राहिली तर मेणाखाली पांढुरकी झाक येते. रंगहीन मायक्रोक्रिस्टलाइन मेण (पेट्रोलियमपासून काढलेलं, बारीक स्फटिकांचं) तळहाताएवढ्या जागेला वाटाण्याएवढं, पंधरा मिनिटांनी सुती कापडाने चोळा. गाडीचं सिलिकॉन पॉलिश नको.

बोटाला लागणारी फिकट हिरवी भुकटी दिसली तर हात थांबवा. तो क्लोराइडचा रोग, म्हणजे क्षारामुळे ब्राँझ खात जाणारा गंज. तिथे संवर्धकच, म्हणजे जुन्या शिल्पांची निगा राखणारा जाणकारच हवा.

दगडी चौथऱ्याला फरशीचं ॲसिड लावू नका, त्याची वाफही ब्राँझ खाते. आणि हार गळ्यात नको, स्टँडवर ठेवा. त्यातल्या लोखंडी तारेचा गंज छातीवर उतरतो.