वाणसामान प्लास्टिकशिवाय घरी कसं आणावं

प्लास्टिक कमी करायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो काचेच्या बरण्यांचा. एकसारख्या बारा बरण्या घ्या, लाकडी झाकणं लावा, वर नावं लिहा. हा सल्ला देणाऱ्यांनी भरलेल्या सहा बरण्या हातात घेऊन डोंबिवली स्टेशनपासून घरापर्यंत एकदा चालून बघावं. घरात प्लास्टिकचे डबे असतील तर तेच वापरा. चांगला डबा फेकून नवी बरणी आणली तर कचऱ्यात भरच पडते.

२३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि जूनच्या अखेरीस दंड सुरू झाला. मी तेव्हापासून महिन्याचं सामान कापडी पिशव्यांतून आणते. बंदी हातातल्या पिशवीवर आली, कारखान्यातून भरून येणाऱ्या डाळीच्या किंवा बिस्किटांच्या पाकिटावर नाही. तिथलं काम आपल्यालाच करावं लागतं.

आधी आठवडाभर घरातलं प्लास्टिक वेगळं साठवा. जे सर्वांत जास्त निघेल तिथून सुरुवात करा. आमच्याकडे डाळ, तांदूळ, साखर, रवा, पोहे यांचीच पाकिटं निम्म्याहून जास्त निघाली.

पिशव्या शिवा. जुनी सुती चादर किंवा मांजरपाट चालतं. किलोभर डाळीला आठ बाय बारा इंचांची पिशवी पुरते. पोहे हलके पण जागा फार खातात, त्यामुळे अर्ध्या किलो पातळ पोह्यांना जवळजवळ दुप्पट पिशवी लागते. शिवण दुहेरी घाला, नाहीतर रवा गळतो आणि डाळीत दोरे येतात. आणि दुकानात मिळणाऱ्या, कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या घेऊ नका. त्या नॉन-वोव्हन म्हणजे पॉलिप्रोपिलीनच्या असतात, म्हणजे प्लास्टिकच. वर्षभरात त्यांचा भुगा व्हायला लागतो आणि तो गोळाही करता येत नाही.

आता दुकान. सगळी अडचण इथे आहे आणि याबद्दल कोणी धड सांगत नाही.

पहिल्या महिन्यात मी शनिवारी संध्याकाळी सात वाजता गेले. गर्दी होती. मी म्हटलं, "शेठ, प्लास्टिक नको, माझ्या पिशवीत द्या." ते लगेच हो म्हणाले. मग त्यांच्या माणसाने डाळ प्लास्टिकच्या पिशवीत भरली, काट्यावर ठेवली, वजन झाल्यावर माझ्या पिशवीत ओतली आणि ती पिशवी चुरगळून टोपलीत टाकली. सहा जिन्नस, सहा पिशव्या. घरी एकही प्लास्टिक आलं नाही, पण वापरलं गेलं तेवढंच. मला याचा फार त्रास झाला. पुढचे दोन महिने मी दर वेळी तेच वाक्य जास्त ठासून बोलत राहिले आणि दर वेळी तेच होत राहिलं.

माणसाचा दोष नव्हता. कापडी पिशवीचं तोंड उघडं राहत नाही. एका हातात माप धरलेलं असताना दुसऱ्या हाताने ते उघडून धरायचं आणि वर काट्यावर नजर ठेवायची, हे गर्दीत जमत नाही. प्लास्टिकची पिशवी एका झटक्यात उघडते, म्हणून हात तिकडे जातो. त्यामुळे "प्लास्टिक नको" एवढं सांगून काही होत नाही. त्याऐवजी काय करायचं ते सांगावं लागतं. ते वाक्य असं: "पारड्यात तोला आणि इकडे ओता." बहुतेक किराणा दुकानांत काट्यावर पत्र्याचं किंवा स्टीलचं पारडं असतंच. माल त्यातच तोलला की मधली पिशवी लागत नाही. ओतताना पिशवी तुम्ही धरा. तोंड बाहेरच्या बाजूने दोन इंच दुमडलंत तर कडेला घट्टपणा येतो आणि पिशवी उघडी उभी राहते. हे दुमडणं मला चौथ्या महिन्यात सुचलं. तेव्हापासून माझ्या सामानाला दुकानात एकही पिशवी लागलेली नाही.

वाक्य बोलायची वेळही महत्त्वाची आहे. नोकराचा हात पिशव्यांच्या गठ्ठ्याकडे जायच्या आत बोला. एकदा पिशवी फाडून घेतली की ती वाया जातेच.

पारड्यात मावत नाही किंवा चिकटतं ते, म्हणजे चुरमुरे, गूळ, खजूर, डब्यात घ्यावं लागतं. तिथे धडा करायचा, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन आधी वगळायचं. रिकामा डबा झाकण काढून काट्यावर ठेवा, "धडा करा" म्हणा, तरुण मुलगा असेल तर "झीरो करा" म्हणा, आणि आकडा शून्यावर आलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माल पडू देऊ नका. मी एकदा बोलत राहिले आणि सुक्या खोबऱ्याच्या भावाने २८० ग्रॅमच्या स्टीलच्या डब्याचे पैसे देऊन आले. तेव्हापासून प्रत्येक डब्याच्या बुडाशी त्याचं वजन रंगाने लिहिलेलं आहे. वजनात माल धरायचा, डबा नाही, हा कायदा आहे. त्यामुळे मागायला संकोच नको.

दुसरा धोका जास्त फसवा आहे. बरेच दुकानदार दुपारी गिऱ्हाईक नसताना सुटा माल अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्यांत भरून ठेवतात. तुम्हाला तो "सुटाच" म्हणून मिळतो. ती पिशवी फोडून तुमच्या पिशवीत ओतून घेण्यात काहीच अर्थ नाही. यावर उपाय एकच. आदल्या दिवशी यादी आणि पिशव्या देऊन या आणि पोत्यातून भरायला सांगा. महिन्याचे पहिले पाच दिवस टाळा, पगार झालेला असतो आणि कोणाला वेळ नसतो. दुपारी चारच्या सुमारास जा. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो असं लहान दुकान निवडा. तिथे दोन-तीन महिन्यांत तुमची सवय त्यांना होते, मोठ्या दुकानात दर वेळी माणूस बदलतो. दोनदा सांगून ऐकलं नाही तर वाद घालू नका, दुकान बदला.

कोणीतरी नक्की म्हणेल की पोतंही प्लास्टिकचंच असतं. पुष्कळदा असतं, विणलेलं. पण पन्नास किलोंचं एक पोतं आणि किलो-किलोच्या पन्नास पिशव्या यांत मोठा फरक आहे. शिवाय पोतं पुन्हा वापरलं जातं.

बाकीचं सोपं आहे. दळण डब्यातूनच जातं-येतं. तेल जास्त लागत असेल तर पंधरा किलोंचा पत्र्याचा डबा घ्या. मसाले अख्खे घेऊन कांडपावर दळून आणा. मासे घ्यायला झाकणाचे दोन डबे न्या आणि मावशींनी मासळी कापायला घेण्याआधी डबा पुढे करा. कोथिंबीर-पालेभाजी ओल्या फडक्यात बांधून आणा. चहा कागदी कपात घेऊ नका, त्याला आतून प्लास्टिकचा थर असतो. स्टेशनजवळ काचेच्या ग्लासात चहा देणारे अजून सापडतात.

दूध मात्र सगळ्यांना सुटं मिळत नाही. गवळ्याचा रतीब असेल तर बरणी ठेवा. नसेल तर पिशवी घेण्यात अपराध वाटून घेऊ नका, फक्त कोपरा पूर्ण कापून टाकू नका. तो चिमूटभर तुकडा भंगारात पोचत नाही, थेट गटारात जातो. चीर द्या आणि कोपरा पिशवीलाच लटकता ठेवा. मग पिशवी धुऊन वाळवून भंगारवाल्याला द्या. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना मात्र भंगारात कोणी हात लावत नाही, म्हणून ती आमच्या घरी येत नाहीत. फरसाण डबा नेऊन आणतो.

साठवण. सुट्या डाळीला किडे लवकर लागतात अशी तक्रार असते. घरी आणल्यावर एक दिवस कडक ऊन द्या, गार झाल्यावरच डब्यात भरा, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावा. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच आणा. ऊनच नसेल तेव्हा रवा मंद आचेवर कोरडा भाजून ठेवा.

पिशव्या महिन्यातून एकदा उलट्या करून झटका, मग धुवा. शिवणीत अडकलेला रवा तसाच राहिला की जाळी तिथूनच धरते. जुलै-ऑगस्टमध्ये पिशवी वरून वाळलेली वाटते, पण नाडीजवळ ओल असते. तिथे इस्त्री फिरवल्याशिवाय तिच्यात काही भरू नका.