कॉपी केलेलं हरवलं? विंडोज आणि व्ही दाबा

ऑनलाइन फॉर्म भरताना हे हमखास होतं. पत्ता कॉपी करायचा, तो पेस्ट करायच्या आधीच आयएफएससी कोड कॉपी होतो आणि पत्ता गायब! मग पुन्हा त्या फाइलची शोधाशोध. कंट्रोल व्ही फक्त शेवटचं कॉपी केलेलंच देतं, त्यामुळे ही चिडचिड.

यावरचा उपाय विंडोज १० मध्ये २०१८ च्या अखेरीस आला, पण तो ठाऊक असणारे अजून कमीच भेटतात. कंट्रोलऐवजी विंडोजची खूण असलेली की धरून व्ही दाबा. पहिल्यांदा ‘टर्न ऑन’ विचारेल, त्यावर क्लिक करा. यानंतर जे कॉपी कराल त्यातल्या शेवटच्या २५ गोष्टींची यादी समोर येते, मराठी मजकूर आणि स्क्रीनशॉटसुद्धा. हवी त्यावर क्लिक केलं की कर्सर असेल तिथे पेस्ट. सुरू करण्याआधीचं मात्र यात सापडणार नाही.

खरी मजा पिनमध्ये, म्हणजे यादीतली एखादी गोष्ट राखून ठेवण्याच्या सोयीत आहे. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की यादी पुसली जाते, पिन केलेलं मात्र टिकतं. घरचा पत्ता, जीएसटी क्रमांक, ‘सोबत फाइल जोडली आहे, कृपया पाहावी’ अशी रोजची वाक्यं पिन करून ठेवा.

पासवर्ड मात्र चुकूनही पिन करू नका. साधा कॉपी केलेला पासवर्डही या यादीत उघडा दिसू शकतो. ऑफिसचा किंवा सायबर कॅफेचा कॉम्प्युटर असेल तर उठण्याआधी ‘क्लिअर ऑल’ करा. पिन केलेलं त्याने जात नाही, ते वेगळं काढावं लागतं.