जुन्या गाडीचं व्हील बेअरिंग: नव्या फिटरचा हात जिथे चुकतो

गाडी चाळीसच्या पुढे गेली की घूं-घूं करते, गिऱ्हाईक म्हणतं 'बेअरिंग गेलंय', आणि नवा फिटर लगेच जॅक लावतो. जॅक नंतर. आधी गाडी चालवून बघा. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या नाशिक शहरातल्या उड्डाणपुलावर सत्तरपर्यंत न्या, न्यूट्रल करा आणि ऐका. इंजिन आयडलला आलं तरी घूं-घूं तशीच राहिली आणि वेग उतरेल तशी उतरली, तर आवाज चाकाकडचा आहे. मग रस्ता बदला. डांबरावर एक सूर आणि काँक्रीटवर दुसरा लागत असेल तर आधी टायरवर संशय घ्या. ट्रेडवरून तळहात दोन्ही दिशांनी फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टायर खाल्लेला आहे. पुढचे टायर मागे टाकून परत ऐका. आवाज मागे सरकला, तर बेअरिंगला हात लावायचं कारण नाही.

बाजू ओळखायला पहाटे गंगापूर धरणाकडचा मोकळा रस्ता बरा. पन्नासच्या आसपास हलकी वळणं घ्या. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो, त्यामुळे तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग संशयित. फक्त संशयित, कारण गोळ्यांच्या दोन रांगा असलेल्या बेअरिंगमध्ये कधीकधी उलटंही होतं. एवढ्यावर सामान मागवू नका.

आता जॅक, आणि जॅकखाली स्टँड. विटांवर किंवा लाकडाच्या फुटक्या ठोकळ्यावर गाडी उभी करणाऱ्या गॅरेजात काम शिकू नका. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. ढिल लागली की दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून परत हलवा. ढिल गेली तर बेअरिंग. तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा दुसरा सांधा. तीन आणि नऊच्या जागी ढिल असेल तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा, आधी बघा.

ढिल नाही म्हणून बेअरिंग चांगलं, असं मात्र समजू नका. पुष्कळ बेअरिंग शेवटपर्यंत ढिल देत नाहीत, नुसती खरखरतात. एका हाताने चाक फिरवा, दुसऱ्या हाताची बोटं कॉइल स्प्रिंगवर ठेवा. चांगल्या बाजूला स्प्रिंग शांत असते. खराब बाजूला बोटांना वाळूवरून काही ओढल्यासारखं बारीक कंपन लागतं. कानाला काही कळत नसतानाही हे कळतं.

नाशिकच्या गाडीबद्दल आणखी एक विचारा: पावसाळ्यात गोदाघाटावर उभी होती का? पुराचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढतं तेव्हा तिथे अडकलेल्या गाड्यांची चाकं बुडालेली असतात. सीलच्या (धूळ-पाणी अडवणाऱ्या रबराच्या) ओठातून शिरलेलं पाणी ग्रीसचा दुधाळ चिखल करतं. आवाज लगेच येत नाही, आठवड्यांनी येतो. अशा गाडीची चारही चाकं तपासा.

खोलताना एक्सल नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा, आधी त्याची दाबलेली कड सरळ करून. सैल झाल्यावर गाडी एक फूटही ढकलू नका, कारण त्या नटाच्या ताणानेच बेअरिंगच्या आतल्या रेस (कड्या) जागेवर राहतात. कॅलिपर तारेने टांगा, होजवर लटकवू नका. स्ट्रटच्या बोल्टांची जागा खुणेने आखून ठेवा. नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा लोखंडी भाग) बाहेर आली की हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) दाबून काढा, लॉक (बेअरिंग अडवणारी कडी) काढा, मग बेअरिंग. आतली रेस बहुतेक वेळा हबवर चिकटून राहते. तिला ग्राइंडरने तिरपी खाच पाडा, आरपार जाऊ नका, उरलेलं छिन्नीच्या एका घावाने तडकतं. हबवर ग्राइंडरची रेघ उमटली तर तिथे नवं सील गळू शकतं.

आता मुख्य गोष्ट. नवं बेअरिंग सर्वात जास्त मरतं ते बसवताना. मलाही याच जागी फटका बसलाय, म्हणून ती घोळवून सांगतोय.

बेअरिंगमध्ये बाहेरची रेस, आतली रेस आणि मध्ये गोळ्या. गोळी आणि रेस एकमेकींना अगदी छोट्या ठिपक्याएवढ्या जागेत टेकतात. फिरताना गाडीचा भार त्यांना झेपतो. पण प्रेसचा जोर एका रेसवर पडला आणि अडकलेली मात्र दुसरी रेस असली, तर तो सगळा जोर गोळ्यांमधून जातो. चालत्या गाडीत न येणारा हा दाब न फिरणाऱ्या गोळीवर एकाच जागी पडतो आणि रेसमध्ये बारीक खळगे उठतात, गोळ्यांच्या अंतराइतक्या अंतरावर, एकसारखे. बेअरिंग हातात फिरवून बघितलं तर कदाचित ठीक वाटेल. गाडी सुटते, आणि थोड्याच दिवसांत तीच घूं-घूं घेऊन परत येते. मग सगळे दुकानदाराला शिव्या देतात.

म्हणून दाबण्यापूर्वी दर वेळी एकच प्रश्न: घट्ट कोण बसतंय? बेअरिंग नकलमध्ये जाताना बाहेरची रेस घट्ट बसते, तेव्हा जोर फक्त बाहेरच्या रेसवर. नंतर हब बेअरिंगमध्ये जाताना आतली रेस घट्ट बसते, तेव्हा खालून आधार फक्त आतल्या रेसला. चूक बहुतेक इथेच होते. पहिली पायरी सगळे नीट करतात आणि दुसऱ्या पायरीला नकल तशीच टेबलावर आडवी ठेवून वरून हब दाबतात. नकल बाहेरच्या रेसला धरते, हब आतलीला ढकलतो, मध्ये गोळ्या चेपतात. खाली आतल्या रेसच्या मापाची नळी ठेवा, नकल तरंगती राहू द्या. जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस बाहेरून थोडी घासली की पहिल्या पायरीसाठी फुकटची डाय (दाबायची कडी) होते.

प्रेस नसेल तर नकल घेऊन अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपला जा आणि नळी कुठे ठेवतात ते स्वतः उभं राहून बघा. नव्या बेअरिंगवर हातोडा आणि पंच चालवणारा उस्ताद इंजिनात कितीही तयार असो, हे काम त्याच्याकडून शिकू नका. 'चाळीस वर्षं असंच बसवतोय' हे उत्तर मला पटत नाही.

नकलचा बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं भोक, दाबण्यापूर्वी बघा. आत निळसर, चकचकीत पट्टा असेल तर जुनी रेस आत फिरली आहे आणि बोअर मोठा झाला आहे. पंचने टिंब मारून बोअर घट्ट करायचा शॉर्टकट सर्रास चालतो. तो टिकत नाही, नकल बदला.

जुन्या मारुती 800 च्या मागच्या ड्रममध्ये दोन बेअरिंग आणि मध्ये अंतर राखणारा स्पेसर असतो. सीलची बाजू बाहेर ठेवा. स्पेसर घालायचा राहून गेला तर नट कसताना आतल्या रेस एकमेकींकडे ओढल्या जातात आणि ड्रम तापतो. जीपसारख्या गाड्यांच्या टेपर (तिरप्या रोलरांच्या) बेअरिंगला ग्रीस तळहाताने रोलरांच्या आत भरायचं, जुनं पूर्ण धुऊन. जुन्यात नवं मिसळू नका. हबची पोकळी ठासून भरली तरी तापते. हब फिरवत फिरवत नट कसा, सैल करा, मग हाताने टेकवा आणि नवी स्प्लिट पिन घाला. डायल गेजवर प्ले (ढिल) साधारण 0.03 ते 0.12 मिमी मिळायला हवा. त्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा असेल तर तोच धरा. टेपर सोडून बाकी ठिकाणी नटाला मॅन्युअलचा पूर्ण टॉर्क, टॉर्क रेंचने. इम्पॅक्ट गनचा अंदाज धरू नका.

बेअरिंग आणताना जुन्याचा नंबर न्या. नंबर पुसला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी व्हर्नियरने मोजा. डुप्लिकेट माल भरपूर आहे, पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका. सील आणि लॉक नवंच घ्या.

पहिल्यांदा अख्खा दिवस जाईल, जाऊ द्या. तिसऱ्या गाडीला हात आपोआप नळी शोधतो. जोडल्यावर सिन्नरच्या रस्त्याला वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा, शेवटी ब्रेक कमी वापरून थांबा आणि दोन्ही बाजूंच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्या. केलेली बाजू दुसरीपेक्षा उघड गरम लागली तर गिऱ्हाइकाला फोन करू नका, परत खोला. ऊब सारखी असेल तर व्हील नट पुन्हा कसा आणि गाडी अलाइनमेंटला पाठवा.